खुशाली कळवावी

पूर्वी घरी येणाऱ्या पत्रांचा आरंभ आणि शेवट ठरलेला असे. आरंभी वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि शेवटी ‘इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील खुशाली कळवावी’ हे वाक्य. मधला मजकूर प्रसंगाप्रमाणे बदले. कधी सोयरिकीची बोलणी, कधी कापसाचा भाव, कधी उसनवारीची आठवण. शेवटचे वाक्य मात्र कोणी नव्याने रचत नसे. हात आपसूक ते लिहून जाई. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. तेव्हापासून मराठी मुलखातील किती कार्डांवर हे वाक्य उमटले असेल, त्याची गणती कोणी करू शकणार नाही. खुशाली म्हणजे तरी काय? हवापाणी, जेवणखाण, झोप आणि घरची माणसे. एवढ्या साध्या गोष्टी एकमेकांना पुन:पुन्हा का कळवायच्या, याविषयी या हिवाळ्यात चार शब्द लिहावेसे वाटले.

आम्ही पाच मित्र, सारे मूळचे आर्णीचे. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची दहावीची परीक्षा प्रथमच झाली, त्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. पुढे पाचांच्या पाच वाटा झाल्या. एकाने वडिलोपार्जित शेती सांभाळली. त्याचे वावर आर्णीपासून जवळच आहे. दुसऱ्याचे गावातच कापडाचे दुकान आहे. तिसरा शिक्षक झाला, म्हणून आम्ही त्याला ‘मास्तर’ म्हणतो. चौथा अभियंता; तो आता कॅनडात टोरांटोजवळ मुलीकडे राहतो. पाचवा मी. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन बँकेत लागलो, दर तीन-चार वर्षांनी बदलीच्या गावी संसार हलवला आणि निवृत्तीनंतर सौभाग्यवतीसह पुन्हा आर्णीला येऊन स्थिरावलो. नोकरीच्या काळात पंधरा पैशांच्या कार्डांनी आमची मैत्री टिकवली. आता ते काम मोबाईल करतो.

रोज पहाटे सहाच्या सुमारास आमच्या गटावर पहिला निरोप येतो. प्रश्न तीनच असतात. थंडी किती? झोप झाली का? घरी सारे बरे? आमच्या मुलांना याचे हसू येते. ‘तेच प्रश्न, तीच उत्तरे, तुम्हा मंडळींना कंटाळा कसा येत नाही?’ असे माझी सून एकदा म्हणाली. तिचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे. आमच्या उत्तरांत नवे असे क्वचितच काही असते.

थंडीचेच पाहा. आमच्याकडे ऑक्टोबरची ऊन-काहिली ओसरली, दिवाळी आटोपली, की उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात. आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते आणि पहाटे पारा उतरतो. वैदर्भीय माणसाची ओळख उन्हाळ्यावरून केली जाते. पण आमचा हिवाळाही काही लेचापेचा नसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत घसरले होते. ती पहाट आमच्या गटात अजून निघते. त्या आठवड्यात दुकानदार मित्राकडच्या शाली आणि कानटोप्या संपल्या होत्या, आणि तो थंडीला मनापासून आशीर्वाद देत होता.

एकच थंडी प्रत्येकाच्या दारी निराळी होऊन येते. शेतकरी मित्राला निरभ्र, कोरडी थंडी हवी असते, कारण गहू आणि हरभरा तिच्यावर पोसतात. आभाळ भरून आले, की रात्र उबदार होते. आम्ही गावातले लोक सुटकेचा श्वास टाकतो, आणि तो मात्र काळजीत पडतो. ढगाळ हवेत हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळी वाढते. तूर फुलोऱ्यात असताना धुके धरले, तर फूल गळते. म्हणून ‘आज थंडी कमी आहे’ हे वाक्य त्याने लिहिले, की आम्ही त्यापुढे ‘छान’ असे लिहीत नाही; ‘तूर कशी आहे?’ असे विचारतो. टोरांटोच्या मित्राकडे पारा शून्याच्या खाली पंधरा अंश गेला, तरी घरात त्याला सदरा पुरतो. त्याची अडचण थंडीची नसून एकटे बाहेर पडता न येण्याची असते. बर्फ साचले, की मुलगी त्याला पायरीही उतरू देत नाही. तेव्हा थंडीचा आकडा विचारताना आम्ही खरे तर प्रत्येकाची परिस्थिती विचारत असतो.

आमच्या गावाला पांघरुणाचे महत्त्व कोणी शिकवायला नको. अरुणावतीच्या काठच्या या गावाची दूरवर ओळख आहे ती बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे. कंबलपोष म्हणजे कांबळे पांघरलेला. हिवाळा सरत आला, की तिथे यात्रा भरते आणि सर्व धर्मांची माणसे येतात. लहानपणी आम्ही पाचही जण यात्रेत हिंडायचो. रात्री परतताना थंडी वाजली, की दुकानदार मित्राच्या आजीने दिलेल्या एका घोंगडीत जमेल तेवढ्यांनी शिरायचे. घोंगडी एक, डोकी पाच. कोणाचा तरी पाय उघडा राहायचाच. ज्याचा पाय उघडा असे त्याने ओरडायचे, हा नियम होता.

आता दुसरा प्रश्न, झोपेचा. तरुणपणी हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. साठीनंतर तो सर्वांत आधी विचारला जातो. वय वाढले, की गाढ झोपेचा वाटा घटतो, झोप लवकर येते आणि लवकर मोडते. पासष्टीच्या पुढेही सात-आठ तासांची झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. पण ती सलग मिळणे दुर्मीळ. हिवाळ्यात त्यात आणखी भर पडते. थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि लघवीलाही अधिक वेळा उठावे लागते. पांघरुणातून एकदम उठून उभे राहू नये, पलंगाच्या कडेवर क्षणभर बसून मग पाय टाकावा, हा वैद्यकीय सल्ला आमच्या गटात दर डिसेंबरात एकदा तरी कोणी तरी देतोच. तसाच दुसरा, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही.

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा परिपाठ आहे. डिसेंबरच्या अखेरीस आर्णीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचच्या ठोक्याला ताटे मांडावी लागतात. दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची. नऊला अंथरुणावर पडलो, की तीनला डोळा उघडतो. आणि पुढे उजाडेपर्यंतचा काळ मोठा लांब वाटतो. मला त्याचा जाच नाही. शेजारी सौभाग्यवती असते, तिलाही बहुधा जाग आलेली असते. दोघे मिळून नातवाच्या गोष्टी काढतो. पण त्या वेळी शेजारी कोणीच नसेल तर?

मास्तरची पत्नी मागच्या वर्षी श्रावणात गेली. बेचाळीस वर्षांचा संसार. तो घरात एकटा नको, म्हणून मुलाने त्याला पुण्याला नेले. मुलगा आणि सून दोघेही प्रेमळ. नवव्या मजल्यावरचे प्रशस्त घर, स्वतंत्र खोली, कशालाच कमतरता नाही. रोज पहाटे गटावर ‘झोप झाली का?’ असा प्रश्न पडला, की त्याचे उत्तर येई, ‘झाली.’ थंडी किती, याचेही उत्तर येई. घरी सारे बरे, हेही येई. तीन प्रश्नांची तीन उत्तरे, वेळेवर. परीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत अशी.

शेतकरी मित्राने मात्र वेगळेच पाहिले. कृषिपंपाला वीज कधी दिवसा, तर कधी रात्री मिळते. आठवड्याचे वेळापत्रक ठरलेले असते. रात्रीची पाळी आली, की हरभऱ्याला पाणी देण्यासाठी त्याला कडाक्याच्या थंडीत वावरात जावे लागते. तुषारचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उचलून लावायचे, ओल्या हातांनी. त्यातून रानडुकरांची आणि रोह्यांची जागल वेगळीच. पाऊण रात्र तो शेकोटीजवळ जागून काढतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली आहे. आपले वावर दिवसा भिजेल आणि आपण रात्री घरी झोपू, त्या दिवसाची तो वाट पाहतो. असो. अशाच एका रात्री, दोनच्या पुढे, त्याने वेळ घालवण्यासाठी मोबाईल उघडला, तर मास्तरच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ असे दिसले. दुसऱ्या रात्रीही दिसले. तिसऱ्या रात्री त्याने सरळ फोन लावला.

“काऊन रे मास्तर, जागाच हायेस काय?”

पुण्यातून उत्तर आले, “तू कशाला जागा आहेस?”

“मी त पाणी ओलून रायलो. तू काय ओलून रायला?”

हा संवाद त्याने आम्हाला पुढे सांगितला तेव्हा आम्ही हसलो. पण त्या रात्री पलीकडे बराच वेळ शांतता होती म्हणे. मग मास्तरने विचारले, “पाणी कुठपर्यंत आले?” शेतकरी मित्राने सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. मोटर कशी अधूनमधून बंद पडते, कोणत्या धुऱ्याकडून डुकरे शिरतात, हरभरा किती हातभर झाला, एवढेच तो सांगत राहिला. दुसऱ्या रात्री पुन्हा फोन. पुण्याच्या नवव्या मजल्यावरचा एक जागा माणूस आणि आर्णीच्या वावरातला दुसरा जागा माणूस. रात्रीच्या पाळीचा तो पूर्ण आठवडा असाच गेला.

आठवड्याच्या शेवटी मास्तर जे बोलला ते त्याने कोणालाच सांगितले नव्हते. दिवाळीपासून त्याने रक्तदाबाच्या गोळ्या घेणे बंद केले होते. सून डबीत गोळ्या भरून ठेवी. हा रोजची गोळी काढून टाकून देई. “कोणासाठी घ्यायच्या?” एवढेच तो म्हणाला.

आपण शिकलेली माणसे अशा वेळी उपदेश करू लागतो. शेतकरी मित्र फार शिकलेला नाही. तो म्हणाला, “पहाटे मी मोटर बंद करतो तवा तुले फोन करीन. तू गोळी घेतली का मंगच मी घरी जाईन. नाही घेतली, त मी इथंच वावरात बसतो.” मास्तरला वाटले, हा थट्टा करतो आहे. पहाटे फोन आला. मास्तरने टाळाटाळ केली. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला, आणि मागे मोरांचे ओरडणे ऐकू आले. हा अजून वावरातच होता, दहा अंशांच्या थंडीत, पाय भिजलेले. मास्तरने उठून गोळी घेतली.

त्यानंतर शेतकरी मित्राने त्याला स्पष्ट सांगितले, की ही गोष्ट मी एकटा पोटात ठेवणार नाही. त्याने मास्तरच्या मुलाला कळवले आणि आम्हालाही. मुलगा रागावला नाही. सुट्टी काढून वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळ्या नव्याने लावून दिल्या, झोपेचे आणि मनाचेही विचारले, आणि रात्री जागे राहून एकट्याने मोबाईल चाळू नका, असे बजावले. सून आता सकाळी चहाबरोबर गोळी हातात देते आणि समोर बसून राहते.

बँकेतल्या माझ्या अनुभवातली एक गोष्ट यावरून आठवते. दर वर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे स्वत: हजर राहून सिद्ध करायचे. १० नोव्हेंबर २०१४ पासून अंगठ्याचा ठसा घेऊन हा दाखला संगणकावरही देता येऊ लागला, तरी कितीतरी वृद्ध शाखेतच येत. थंडी सुरू झालेली असे. स्वेटर, मफलर, हातात काठी. काम दोन मिनिटांचे, पण ते तासभर बसत. माझ्या टेबलाशी आलेला कोणी वृद्ध सही करण्यापूर्वी आधी थंडीविषयी बोले, मग गुडघ्यांविषयी, मग मुलाच्या बदलीविषयी. आणि उठता उठता, दाराकडे तोंड वळवून, सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगून जाई. ‘घरची मंडळी गेल्या महिन्यात वारली, साहेब. संयुक्त खात्यातले तिचे नाव काढायचे आहे.’ कागदावर त्याची हयात सिद्ध झालेली असे. तो कसा जगतो आहे, हे सांगण्यासाठी कागदावर रकाना नव्हता. त्यासाठी आधीचे ते थंडीचे आणि गुडघ्यांचे बोलणे लागत होते. त्याच्या आधाराने माणूस हळूहळू दारापर्यंत पोहोचतो आणि मग बोलतो.

आमच्या पहाटेच्या तीन प्रश्नांचेही तसेच आहे. एरवी रोज बोलणे नसते, तर रात्री दोनला फोन करण्याचा अधिकार शेतकरी मित्राला कोठून मिळाला असता? वर्षभर गप्प राहून संकटाच्या दिवशी अचानक ‘तुला काय होतेय?’ असे विचारले, तर समोरचा ‘काही नाही’ म्हणूनच बाजूला होतो. वाट रोज वापरात असेल, तरच अंधारात पाय तिच्यावर बरोबर पडतो. न वापरलेल्या वाटेवर गवत माजते.

घरच्या बातम्या हा आमचा तिसरा विषय, आणि तो सर्वांत आनंदाचा. तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होते. कोणाच्या भाचीचे ठरले, कोणाच्या नातवाला दात आला, कोणाची मुलगी बाळंतपणाला येणार, हे सगळे क्रमाने कळते. टोरांटोच्या नातीने प्रथमच ‘आजोबा’ म्हटल्याची ध्वनिफीत आम्ही चौघांनी आपापल्या घरी ऐकवली. वाईट बातमी मात्र कोणी पहिल्या वाक्यात सांगत नाही. ती दातांच्या आणि लग्नांच्या मागे दडून येते. म्हणून आता आम्ही एकमेकांची उत्तरे थोडी सावकाश वाचतो. ‘झाली’ एवढेच उत्तर दोन दिवस आले, तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी फोन लावतो.

यंदा संक्रांतीला मास्तर मुलासह आर्णीला आला. आम्ही चौघे वावरात जमलो. टोरांटोचा पाचवा मोबाईलच्या पडद्यावर. कोवळ्या ज्वारीचा हुरडा, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, तिळगूळ. पत्नीचे नाव मास्तरने दोन-तीनदा सहज काढले. तिला हुरड्यात तिखट चटणी किती लागे, हे सांगताना तो हसला आणि मग गप्प झाला. आम्हीही गप्प बसलो. जेवणानंतर तो बाजेवर उन्हात आडवा झाला आणि तासभर चांगला घोरला. शेतकरी मित्राने आम्हाला हलक्या आवाजात बोलायला सांगितले. एवढी गाढ झोप त्याला श्रावणानंतर प्रथमच लागली, असे मुलगा म्हणाला.

दु:ख संपले, असे मी म्हणणार नाही. बेचाळीस वर्षांची सोबत एका हिवाळ्यात विसरता येत नाही, आणि ती विसरावी असेही नाही. परंतु त्याच दिवशी आम्ही एक साधी व्यवस्था ठरवली. पहाटे आठपर्यंत ज्याचा निरोप नाही, त्याला दुकानदाराने फोन करायचा. तो दुकान उघडण्यापूर्वी मोकळा असतो. रात्रीचे काम टोरांटोच्या मित्राने आपण होऊन मागून घेतले. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदल्या दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. बाहेर बर्फ असल्याने तो घरातच असतो आणि त्याला बोलायला माणूस हवेच असते. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही अपरात्री जाग आली आणि मन लागेना, तर कोणाची झोप मोडण्याची भीती न बाळगता त्याला फोन लावायचा. या महिन्यात मास्तरने त्याला दोनदा फोन केला. एकदा मीही केला. तो म्हणाला, आज ऊन पडले आहे, पायरीवरचे बर्फ वितळते आहे.